दोन पावलांचा कागद

कागद फाटला की माणसं त्याच्यावर काय काय उपचार करतात, हे एकदा माझ्या खोलीत येऊन बघावं. कुणी सेलोटेप लावतं, कुणी भाताची शितं चोळतं, कुणी पोस्टाच्या तिकिटांच्या कडेच्या गोंदाच्या पट्ट्या चिकटवतं. एका गृहस्थांनी तर पणजोबांच्या सनदेला जखमेवर लावायची चिकटपट्टी लावून आणली होती, आणि वर मलाच विचारलं, "बरी बसलीय ना?" मी जुने कागद दुरुस्त करते. सांगलीत, विश्रामबागेत, घराच्या मागच्या खोलीत. माझा स्वभाव तिखट आहे असं लोक म्हणतात. असेलही. दिवसभर दुसऱ्यानं लावलेला सेलोटेप सोडवत बसलं की कुणाचाही होईल.

पण सेलोटेप परवडला म्हणायची वेळ आणणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. काही कागदांना पाण्याचा थेंबसुद्धा सोसत नाही. पुढे मी या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं तेव्हा हे वर्गात शिकवलं, पण तोवर ते मला ठाऊक होतं. मी ते साताऱ्यात शिकले होते, वयाच्या आठव्या वर्षी.

साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या एका बोळात माझ्या वडिलांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. वडिलांना मी अण्णा म्हणायचे. दुकान म्हणजे एक खोली. पुढे फळी, मागे पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा, कोपऱ्यात स्टोव्ह. स्टोव्हवर रोज सकाळी गव्हाच्या पिठाची खळ शिजायची आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद पडायचा. तो जरा गोडसर, जरा करपट वास अजून कुठेतरी अचानक येतो आणि मी रस्त्यात थांबते. शाळा सुटली की मी थेट दुकानात. अण्णा मोठे बोलके, गिऱ्हाइकाशी तासभर हुज्जत घालायचे, पण जुनं पान समोर आलं की तोंडाला कुलूप. "कागदावर बोलू नये," म्हणायचे. "थुंकी उडते. थुंकी म्हणजे पाणीच." मी अजूनही काम करताना बोलत नाही. फोन आला तर उठून स्वयंपाकघरात जाते.

फळीला सुतळीनं एक कॉपिंग पेन्सिल बांधलेली असायची. कोरडी लिहिली तर करडी उमटायची, जिभेला टेकवून लिहिली की गर्द जांभळी. एकदा उमटली की खोडरबरला दाद द्यायची नाही, म्हणून दुकानदारांपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांकडे तीच. अण्णांचा खालचा ओठ कायम जांभळा. आई त्यांना चिडवायची, "आज कुणाच्या झाडाची जांभळं खाऊन आलात?"

मी सहा वर्षांची असताना आई गेली. पोटाच्या ऑपरेशनसाठी तिला पुण्याला न्यायचं होतं. निघायच्या आधी तिनं दुकानातल्या एका पानावर, त्याच पेन्सिलीनं, अण्णांसाठी चार ओळी लिहून ठेवल्या. दूध ओळखीच्या गवळ्याकडूनच घ्यावे. पोरीचे डोके हळवे आहे, वेणी आवळू नये. लोणच्याला ओला हात लावू नये. मी पंधरा दिवसांत येते. ती आली नाही.

ते पान अण्णा सदऱ्याच्या खिशात बाळगायचे. दोन वर्षांत घड्यांवर विरत गेलं आणि एक दिवस मधोमध फाटलं. श्रावणातली दुपार होती. अण्णांनी मला जवळ बसवून घेतलं. ती पेन्सिल पाण्यानं पसरते हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण फाटलेल्या पानाला खळीवाचून दुसरा इलाज त्यांना माहीत नव्हता, आणि तसंच ठेवलं तर तुकडे होणार होते. म्हणून त्यांनी खळ आटवून आटवून खव्याइतकी घट्ट केली. मागच्या बाजूनं पातळ कागदाची पट्टी लावली. पान उलटून बघितलं तर एक अक्षर हललं नव्हतं. आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी पान शिकंज्यात दाबून ठेवलं. सकाळी उघडलं तेव्हा रात्रभर आत कोंडलेल्या ओलीनं सगळी अक्षरं सुटली होती आणि पान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जांभळं झालं होतं.

अण्णांनी पान उजेडात धरलं. मग म्हणाले, "पाणी जास्त झालं." त्या विषयावरचं त्यांचं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य. मला त्यांचा राग आला होता. आठ वर्षांच्या पोरीला येतो तसा लटका राग नव्हे, खराखुरा. अख्ख्या साताऱ्याचे कागद सांधणाऱ्या माणसानं माझ्या आईचाच कागद घालवला, हे मी कित्येक वर्षं मनात धरून बसले होते.

एवढं सगळं सांगायचं कारण मागच्या वर्षी माझ्याकडे आलेला एक कागद.

गौरी-गणपती होऊन गेले होते. पितृपंधरवडा लागला होता. या पंधरवड्यात कुणी नवं काम देत नाही, म्हणून मी निवांत होते. अशात एक पंचविशीतली बाई दारात उभी राहिली. विट्याच्या पलीकडे, पाऊस ज्याला विसरतो त्या भागातल्या एका वस्तीवरची. तिचा नवरा आमच्या विश्रामबागेतल्याच एका ऑफिसात शिपाई होता, त्यानं माझा पत्ता काढला होता. तिनं आधी मोबाइल पुढे केला आणि कागदाचा फोटो दाखवला. फोटो बघून मी काही सांगत नाही, असं मी जरा जोरातच म्हटलं. मग तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि डब्यातून रुमालात गुंडाळलेला कागद.

वहीचं एक पान. त्यावर एका पावलाचं माप काढलेलं होतं, पाय कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवतात तसं. सात-आठ वर्षांच्या पोराचं पाऊल असावं. आणि त्या पावलाच्या आतच दुसरं पाऊल, इवलंसं, तीन-चार वर्षांच्या लेकराचं. रेघा जांभळ्या. टाचांपासून बोटांपर्यंत कागद घडीवर फाटत आला होता, वरचं बोटभर तेवढं जोडलेलं. आणि लहान पावलाची बोटं नव्हती. त्या जागी जांभळा डाग पसरला होता. तो डाग मी ओळखत होते.

"ह्याच्यावर पाणी कुणी टाकलं?" मी विचारलं. विचारलं कसलं, ओरडलेच.

"म्या," ती म्हणाली आणि खाली बघत उभी राहिली.

मग तिनं सांगितलं. सासूला मोतीबिंदू, दिसत नाही, म्हणून यंदा गौरीचं सगळं पहिल्यांदाच तिच्या एकटीकडे आलं होतं. देव्हाऱ्यातले डबे पुसताना एका डब्यात हा कागद सापडला. एक पाऊल मोठं, एक लहान. गौरी पण दोन, थोरली नि धाकटी. "मला वाटलं गवराईचीच पावलं हायती, जुन्या कुनीतरी काढून ठेवल्याली." गौर घरात येते तेव्हा उंबऱ्यावर तिला आणणारीच्या पायांवर पाणी घालतात. हिनं कागद पाटावर मांडला, उंबऱ्याशी ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि तांब्यातलं चूळभर पाणी त्या पावलांवर घातलं. जांभळा रंग सुटलेला बघून घाबरली, पदरानं टिपायला गेली आणि कागद फाटला.

मी तिला बोलायच्या तयारीत होते. पण देव्हाऱ्यात जपून ठेवलेली दोन पावलं, एक मोठं, एक लहान, आणि दिवस गौरीचा. मी तरी दुसरं काय केलं असतं? मीही पाणीच घातलं असतं.

ती पावलं कुणाची, हे तिला त्या संध्याकाळी नवऱ्याकडून कळलं. मोठं पाऊल सासूचं, लहान असतानाचं. आतलं तिच्या धाकट्या भावाचं. सासूचं माहेर मेंढरं राखणारं. एका दुष्काळात मेंढरं राहिली नाहीत, तेव्हा तिचा बाप गावातल्या एका गलाईवाल्याबरोबर, त्याच्या सोनं गाळायच्या दुकानात कामाला, लांब मद्रासकडे गेला. तिकडून त्यानं निरोप धाडला, पोरांच्या पायांची मापं पाठवा, दसऱ्याला चपला घेऊन येतो. वस्तीवर कागद एकच होता. म्हणून पत्र लिहून देणाऱ्यानं पोरीच्या पावलातच पोराचं पाऊल काढलं. दसऱ्याला बाप दोन जोड आणि तो मापाचा कागद परत घेऊन आला. तोवर पोरगा तापानं गेला होता.

"त्येचा फोटू न्हाई, कायबी न्हाई," ती म्हणाली. "ह्ये एवढंच हाय. आत्याबाई दर दसऱ्याला गुपचूप काढत्यात म्हनं, रेघंवरनं बोट फिरिवत्यात नि ठेवून देत्यात. त्यास्नी अजून ठावं न्हाई. दिसत न्हाई, पर बोटाला कळंलच की. म्याडम, दसऱ्याच्या आत हुईल का? आनि ती बोटं परत आनता येतील का?"

मी खोटं बोलत नाही, निदान कामात. फाटलेलं जोडून देते, म्हटलं. बोटं परत येणार नाहीत. तो रंग कागदाच्या आत मुरलाय, काढायला गेलं तर राहिलेलंही जाईल. मी नवी बोटं काढून देऊ शकते, पण ती माझी होतील, त्या पोराची नाही, म्हणून देणार नाही. हे ऐकून तिला रडू फुटलं. मी आधी कागद उचलला आणि तिला सांगितलं, रडायचं असेल तर स्वयंपाकघरात जा. गेली बिचारी. मी मागून चहा टाकला.

सांगलीतला भाद्रपद म्हणजे हवेतच पाणी. मी कागद कोरड्या पेटीत ठेवून कोरड्या दिवसाची वाट बघत बसले. मधल्या काळात रेघेच्या एका टोकाला, टाचेपाशी, कापसाच्या ओल्या काडीचं नुसतं टोक टेकवून पाहिलं. काडी जांभळी. मग स्पिरिटची काडी टेकवली. तीही जांभळी. म्हणजे खळ नको, स्पिरिटवर चिकटणारा डिंकही नको. उरला एकच मार्ग, कोरडा. वेलचीच्या सालीहून पातळ असा जपानी कागद मिळतो. त्याच्यावर एक विशिष्ट डिंक लावून तो पूर्ण वाळवून ठेवायचा. मग त्याची बारीक पट्टी कात्रीनं न कापता हातानं फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि धरून ठेवतात. फाटलेल्या दोन्ही कडा शेजारी आणायच्या, मागून पट्टी ठेवायची आणि पेनाएवढ्या छोट्या इस्त्रीनं हलकेच दाबायचं. ऊब लागली की डिंक जागा होतो, गार झाला की धरतो. पाण्याचा संबंध नाही.

उघडीप आली तशी मी कामाला बसले. दार लावलं, फोन बाहेर ठेवला, हात तीनदा पुसले. टाचेकडून सुरुवात केली. एकेक बोट पुढे सरकायचं, थांबायचं, वजन ठेवायचं. मोठ्या पावलाच्या मध्यावर आले तेव्हा मला एकदम अण्णा आठवले, खळ आटवत बसलेले, कपाळाला घाम, पाणी कमी, अजून कमी. त्यांच्याजवळ ही इस्त्री असती तर. एवढीशी तर असते. त्यांना कोरडा मार्ग कुणी दाखवलाच नव्हता, आणि जेवढं त्यांना येत होतं त्यातलं त्यांनी काही राखून ठेवलं नव्हतं. हे मला डोक्यानं केव्हाच कळलं होतं. त्या दुपारी इस्त्री हातात असताना ते हाताला कळलं. मला उठून बाहेर जावं लागलं, कारण डोळ्यांतलं पाणीही पाणीच.

नवरात्रात निरोप पाठवला, कागद तयार आहे. मला वाटलं सून एकटी येईल. आली ती सासूला घेऊन. म्हातारी वाळकी, ताठ, हातात काठी, डोळ्यांवर दुधाळ पडदा. सून मागे उभी, चेहरा पांढराफटक.

"मला हिनं कायबी सांगितलं न्हाई," म्हातारी बसता बसताच म्हणाली. "पर डबा जाग्याव न्हवता. आनि ही गवराईपासनं माज्याम्होरं नीट जेवत न्हाई. मग म्या लेकालाच धरलं. त्यो म्हनला, कागुद फाटलाय, जोडाय दिलाय. आना बगू."

म्हणजे फाटल्याचं तिला कळलं होतं. पाण्याचं नाही.

मी तिचे हात कोरड्या फडक्यानं पुसले आणि कागद तिच्यासमोर ठेवला. तिनं उजव्या हाताचं बोट टाचेवर टेकवलं. पेन्सिल दाबून फिरवलेली होती, रेघेची खोबण अजून लागत होती. बोट मोठ्या पावलाभोवती सावकाश फिरलं. "ह्यो माजा पाय," ती म्हणाली. मग आतल्या पावलावर आली. टाच, पायाची कड, मग सांधा. "हितं जोडलंय. लय बारीक जोडलंय." मग बोट पुढं गेलं आणि थांबलं. तिथं भिजून फुगलेला, मग वाळलेला कागद होता. रेघ नव्हती.

"हितं काय झालंय?"

मी तोंड उघडलं, पण कागदावर बोलायचं नाही, ही सवय आडवी आली. तेवढ्यात सूनच पुढं झाली. "आत्याबाई, म्या पानी घातलं. गवराईचं पाय समजून. चुकलं माजं."

म्हातारीनं बोट त्या डागावरून उचललं नाही.

"तापात पानी द्यायचं न्हाई म्हनायची तवा," ती म्हणाली. "पानी दिलं की ताप चढतुया म्हनं. तीन दिस त्यो पानी मागत हुता. आई आत-भाईर करायची नि मी त्येच्यापशी. घागर हितं, माज्या हाताशी. आक्का पानी, आक्का पानी. मोठ्यांनी न्हाई म्हनल्यालं, म्हनून म्या बी न्हाई दिलं. आठ वर्साची हुतो. पर हात पुरत हुता की घागरीला."

तिनं डावा हात मागं केला, चाचपला आणि सुनेचं मनगट धरलं.

"म्या न्हाई घातलं. तू घातलंस. बरं केलंस, पोरी."

सून तिच्या खांद्यावर डोकं टेकवून रडायला लागली. या वेळी मी तिला स्वयंपाकघरात पाठवलं नाही. कागद उचलून मीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

कागदासाठी मी जाड पुठ्ठ्याची पेटी करून ठेवली होती, अण्णा करायचे तशी, कापडाच्या बिजागरीची. झाकणावर माझी नेहमीची चिठ्ठी चिकटवलेली होती. निघताना सुनेनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. "पाणी लागू देऊ नये."

"आता कशाला लागू दिऊ?" म्हातारी काठी सावरत म्हणाली. "त्येचं झालं पिऊन."

विट्याच्या गाडीला वेळ होता, पण त्या थांबल्या नाहीत. मी दार लावून मागच्या खोलीत आले आणि खालच्या खणातून आईच्या चार ओळींचं पान काढलं. अण्णा गेल्यापासून ते माझ्याकडेच आहे. सगळं जांभळं, आता फिकट होत चाललेलं. अण्णांनी लावलेली पट्टी मात्र अजून जागची हललेली नाही. सुनेला जे एका वाक्यात मिळालं, ते अण्णांना माझ्याकडून मिळालं नाही. त्या सकाळनंतर ते पुष्कळ वर्षं जगले. मी त्यांच्या शेजारी बसून खळ ढवळली, पुठ्ठे कापले, त्यांच्याकडून सगळं शिकले, आणि "असू द्या, अण्णा" एवढे तीन शब्द मला बोलता आले नाहीत. हात माझाही पुरत होता.

दहावीपर्यंत माझी वेणी अण्णाच घालायचे. दुसऱ्या तासाला ती सुटायची, मुली हसायच्या, आणि मी घरी येऊन त्यांच्याशी भांडायचे, सगळ्यांच्या आया घालतात तशी घट्ट घाला म्हणायचे. ते ऐकून घ्यायचे, हो म्हणायचे. पण त्यांनी ती एकदाही घट्ट घातली नाही.